आयएसओ ९००१ ची किंमत लाल डब्यात मोजा

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये मी क्वालिटी बघत होतो, तेव्हाची गोष्ट. ३२ मिलिमीटर बोअरचे (आतल्या भोकाचे) ४८० बुश, म्हणजे पोकळ नळीसारखे सुटे भाग, आम्ही पाठवले आणि तिसऱ्या दिवशी लॉटच्या लॉट परत आला. ऑपरेटरला बोलावलं. त्यानं प्लग गेज (भोकाचं माप तपासायचा दांडा) बोअरमध्ये घालून दाखवला आणि म्हणाला, "साहेब, गेज तर ओके हाय की." गेज ओकेच होता. ग्राहकानं मात्र ड्रॉइंग बदलून बोअरचा टॉलरन्स (मापात चालणारा फरक) एच८ वरून अधिक कडक एच७ केला होता, म्हणजे वरची मर्यादा ३२.०३९ वरून ३२.०२५ वर आली होती. नवं ड्रॉइंग ईमेलनं येऊन ऑफिसच्या कॉम्प्युटरवर पडलं होतं. मशीनला चिकटपट्टीनं लावलेलं, तेलाचे डाग पडलेलं ड्रॉइंग जुनं होतं आणि गेजही जुन्याच मापाचा.

ऑपरेटरची यात काहीच चूक नव्हती. नवं ड्रॉइंग आलं की जुनं काढून घ्यायचं, गेज बदलायचा आणि मशीनवरच्या माणसाला सांगायचं, हे काम कुणाचं ते आमच्याकडे ठरलेलंच नव्हतं. आयएसओ ९००१ म्हणजे गुणवत्ता व्यवस्थेचं आंतरराष्ट्रीय मानक. त्याच्या कलम ८.२.४ मध्ये नेमकं हेच लिहिलंय: ग्राहकाची मागणी बदलली तर संबंधित कागद बदला आणि संबंधित माणसांना कळवा. तेव्हा आमच्याकडे सर्टिफिकेट नव्हतं. पुढे घेतलं, आणि त्यानंतर बऱ्याच छोट्या कारखान्यांना घेताना मदत केली. "सर्टिफिकेट घेऊन धंद्याला काय फायदा?" हा प्रश्न मालक मंडळी आजही पहिल्या भेटीतच विचारतात. फायदा होतो, आणि तो रुपयांत मोजता येतो. मात्र मोजायची तयारी सर्टिफिकेटच्या आधीपासून करावी लागते. ती कशी करायची आणि पुढची वाट कशी चालायची, ते इथं मशीन शॉप डोळ्यांसमोर ठेवून सांगतो. फाउंड्री, फॅब्रिकेशन, प्लास्टिक मोल्डिंग यांनाही थोड्या फरकानं हेच लागू पडेल.

आधी गैरसमज दूर करू

आयएसओ ही जिनिव्हातली संस्था मानकं लिहिते, सर्टिफिकेट देत नाही. ९००१ हे मानक पहिल्यांदा १९८७ मध्ये आलं. त्याआधी ब्रिटनचं बीएस ५७५० होतं, त्याच्या पायावर ते उभं राहिलं. १९९४, २०००, २००८ आणि २०१५ मध्ये त्यात सुधारणा झाल्या. सर्टिफिकेट देतात त्या स्वतंत्र प्रमाणन संस्था, आणि त्या तपासतात तुमची काम करण्याची पद्धत. तुमचा बुश चांगला आहे असं हे सर्टिफिकेट म्हणत नाही. म्हणून मालाच्या खोक्यावर 'आयएसओ सर्टिफाइड प्रॉडक्ट' छापणं चूक आहे, आणि आयएसओचा स्वतःचा लोगो वापरायलाही परवानगी नाही. 'आमच्या कंपनीची गुणवत्ता व्यवस्था आयएसओ ९००१:२०१५ नुसार प्रमाणित आहे' असं लिहा.

दुसरा गैरसमज कागदांचा. ९००१ म्हणजे कपाटभर फायली, ही धारणा जुन्या आवृत्त्यांमुळे झाली. २००८ च्या आवृत्तीत क्वालिटी मॅन्युअल आणि सहा लेखी कार्यपद्धती सक्तीच्या होत्या. २०१५ मध्ये ही सक्ती गेली. 'मॅनेजमेंट रिप्रेझेंटेटिव्ह', म्हणजे व्यवस्थापनाचा प्रतिनिधी, नेमण्याची अटही गेली, कारण ही जबाबदारी मालकानं एका माणसावर ढकलून मोकळं होऊ नये. आजही एखादा सल्लागार तीनशे पानी मॅन्युअल तुमच्या टेबलावर ठेवत असेल, तर ते दुसऱ्या कारखान्याचं नाव बदलून आणलेलं आहे का, हे नक्की बघा.

फायदा कुठून येतो

दोन ठिकाणांहून. पहिलं ग्राहकाचं दार. पुण्यात किंवा बंगळुरूत बसलेल्या खरेदी अधिकाऱ्याला तुमचा कारखाना दिसत नाही. शंभर कोटेशनांमधून कुणावर भरवसा ठेवायचा, हा त्याचा रोजचा प्रश्न असतो. सर्टिफिकेट म्हणजे त्याच्या वतीनं तिऱ्हाइतानं येऊन बघून गेल्याची खूण. टेरलाक आणि किंग या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या कारखान्यांचा अभ्यास करून २००६ मध्ये निष्कर्ष मांडला की सर्टिफिकेटनंतर कारखान्यांची वाढ झाली, आणि जिथं ग्राहकाला पुरवठादाराची माहिती मिळणं अवघड होतं तिथं ती जास्त दिसली. कोल्हापूरच्या छोट्या पुरवठादाराची स्थिती हीच असते.

ऑटो क्षेत्रात तर हे दार बरंचसं बंदच असतं. आयएटीएफ १६९४९ हे वाहन उद्योगाचं मानक पाळणाऱ्या कंपन्यांवर आपल्या पुरवठादारांची गुणवत्ता व्यवस्था वाढवत नेण्याची जबाबदारी असते, आणि त्या वाटेवरचा पहिला मोठा टप्पा म्हणजे आयएसओ ९००१.

दुसरा फायदा घरातला: रिजेक्शन, रीवर्क (नग पुन्हा दुरुस्त करणं), डेबिट नोट (ग्राहकानं बिलातून कापलेली रक्कम), धावपळ कमी होणं. लेव्हीन आणि टॉफेल यांनी कॅलिफोर्नियातल्या सुमारे एक हजार कंपन्यांची तुलना तशाच इतर कंपन्यांशी केली. ९००१ घेतलेल्या कंपन्या जास्त प्रमाणात टिकल्या, त्यांची विक्री वाढली, नोकऱ्या वाढल्या आणि कामगारांवर खर्च होणारा पगारही वाढला. हा २०१० चा अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो तो पगाराच्या मुद्द्यामुळे. नीट चाललेल्या कारखान्यात कामगाराचंही भलं होतं, हे मी शिरोलीत डोळ्यांनी बघितलंय.

पहिली पायरी: तीन महिने लाल डबा मोजा

सल्लागाराला फोन करण्याआधी हे करा. प्रत्येक मशीनजवळ एक लाल डबा ठेवा. खराब झालेला प्रत्येक नग त्यातच पडला पाहिजे, आणि रोज शिफ्ट संपताना सुपरवायझरनं तो मोजून वहीत लिहिला पाहिजे: तारीख, जॉब, मशीन, किती नग, काय दोष. सुरुवातीला माणसं नग लपवतात, कारण मोजणं म्हणजे बोलणी खाणं हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. पहिल्याच दिवशी सगळ्यांना एकत्र उभं करून सांगा की डब्यातल्या नगावरून कुणाचा रुपया कापला जाणार नाही. आणि शब्द पाळा. इथं शब्द मोडलात तर पुढचं सगळं वाया गेलं समजा.

आता हिशेब. समजा, महिन्याला २०,००० बुश आणि विक्रीची किंमत नगाला ६० रुपये. उलाढाल १२ लाख. डब्यात ३ टक्के, म्हणजे ६०० नग पडले. नगामागे माल २४ रुपये आणि मशीनिंग २० रुपये गेलं, भंगारात ५ रुपये परत आले, म्हणजे ३९ रुपयांचा फटका. ६०० नगांचे २३,४०० रुपये. इथं बहुतेक जण थांबतात. थांबू नका. ८०० नग रीवर्क झाले, नगाला ७ रुपये धरले तर ५,६०० रुपये. ग्राहकाकडे माणूस पाठवून सॉर्टिंग केलं आणि डेबिट नोट आली, मिळून १५,००० रुपये. बदली माल तातडीनं पोचवायला टेम्पोच्या दोन खेपा, ७,००० रुपये. एकूण ५१,००० रुपये महिना, म्हणजे वर्षाला ६ लाख १२ हजार.

तुमचा निव्वळ नफा ८ टक्के असेल तर तो महिन्याला ९६,००० रुपये. म्हणजे नफ्याच्या निम्म्याहून जास्त रक्कम लाल डब्यातून वाहून जाते. गुणवत्ता व्यवस्थेनं यातला तिसरा हिस्सा वाचवला तरी वर्षाला २ लाख ४ हजार हातात राहतात. सल्लागार, ऑडिट, कॅलिब्रेशन (मापनयंत्रांची अचूकता तपासणं), नवे गेज यांची कोटेशनं मागवा आणि या आकड्याशेजारी मांडा. पहिल्या वर्षाचा खर्च दोन लाखांच्या घरात असेल, तर वर्षभरात पैसे वसूल. आकडे तुमचे घाला, कारण तुमच्या ग्राहकाचा, तुमच्या मालाचा हिशेब वेगळा असणार.

हे केल्यावर एखाद्याला असंही दिसेल की त्याचं रिजेक्शन अगदी कमी आहे आणि ग्राहकही सर्टिफिकेट मागत नाही. मग घाई करू नका. मी अशा दोघा-तिघांना "सध्या गेजवर पैसे घाला" असं सांगितलंय.

दुसरी पायरी: एका जॉबबरोबर चाला

सकाळी एक चालू जॉब, म्हणजे एका ऑर्डरचं काम, निवडा. माल गेटमधून आत येतो तिथपासून माल पाठवण्याचं चलन बनेपर्यंत त्याच्यासोबत चाला आणि वाटेतल्या प्रत्येक माणसाला प्रश्न विचारा. स्टोअरमध्ये: हा बार कुठल्या हीटचा (धातूच्या कुठल्या ओतीचा), टेस्ट सर्टिफिकेट कुठाय? मशीनवर: ड्रॉइंगची रिव्हिजन (आवृत्ती) कुठली, पहिला नग कुणी पास केला, त्याची नोंद कुठाय? तपासणीच्या टेबलावर: हा मायक्रोमीटर शेवटचा कधी तपासला? पॅकिंगला: रिजेक्ट नग चांगल्या नगांत मिसळणार नाही याची खात्री काय? प्लेटिंगसाठी माल बाहेर जात असेल, तर तिथून परत आल्यावर कोण काय बघतं?

जिथं उत्तर "बहुतेक" नं सुरू होतं, तिथं खूण करा. पहिल्याच फेरीत पंधरा-वीस खुणा होतात. हीच तुमची कामाची यादी. मानकाची कलमं ४ ते १० मधून हीच यादी निघते, पण कारखान्यातून सुरुवात केली तर माणसांना पटते. पुस्तकातून केली तर कंटाळा येतो.

तिसरी पायरी: कागद किती आणि कुठला

मालाचा नमुना ग्राहकाचा, ड्रॉइंग ग्राहकाचं, तुम्ही फक्त बनवून देता. असं असेल तर कलम ८.३, म्हणजे डिझाइन, तुम्हाला लागू नाही. गुणवत्ता व्यवस्थेची व्याप्ती लिहिताना त्याचं कारण द्यायचं, एवढंच.

उरलेल्यात मी तीन गोष्टींवर जीव ओततो. पहिली, ड्रॉइंगची वही. त्यात ड्रॉइंग नंबर, रिव्हिजन, मिळाल्याची तारीख, जुनी प्रत परत घेतल्याची सही, आणि शेवटचा रकाना 'गेज नंबर तपासला'. हा शेवटचा रकाना कुठल्याच तयार नमुन्यात मला सापडला नाही. तो आमच्या ४८० बुशांनी शिकवला. दुसरी, सेटअप पास केल्याची चिठ्ठी, जी मशीनवरच लटकलेली असते. तिसरी, दोषाचं कारण शोधल्याचा कागद, कलम १०.२ मधला. त्यात 'ऑपरेटरची चूक, समज दिली' असं लिहिलेलं दिसलं की मी तो परत पाठवतो. ऑपरेटरची चूक झाली तर ती होऊ का शकली? गेज जुना का राहिला? कुणी बदलायचा होता? चार-पाच वेळा 'का' विचारलं की माणूस बाजूला राहतो आणि पद्धतीतलं भोक दिसतं.

हे सगळं मराठीत लिहा. मानकात भाषेची सक्ती नाही. कामाच्या सूचना इंग्रजीत, आणि मशीनवरचा माणूस गडहिंग्लज किंवा कागलहून येणारा, मराठीत विचार करणारा. अशानं सूचना भिंतीवरच राहतात. शॉपमध्ये बिहारची, ओडिशाची मुलं असतील तर हिंदीत आणि फोटो लावून लिहा.

क्वालिटी पॉलिसी एका वाक्यात लिहा आणि उद्दिष्टं आकड्यांत. 'ग्राहकाचं समाधान' हे उद्दिष्ट होत नाही. 'मार्चपर्यंत रिजेक्शन ३ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर' हे होतं. पहिल्या पायरीतली वही इथं कामाला येते.

२०२४ च्या फेब्रुवारीत मानकात एक छोटी भर पडली: हवामान बदल हा तुमच्या कंपनीसाठी महत्त्वाचा मुद्दा आहे का, ते ठरवा. पुष्कळ जण 'लागू नाही' असं खरडून मोकळे होतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळुरू महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडला होता. आमच्या भागात हा मुद्दा लागू नाही असं कोण म्हणेल? जुलै-ऑगस्टसाठी ग्राहकाजवळ थोडा जादा साठा, तळमजल्यावरची मशीन आणि पॅनेल उंचावर, पावसाळ्यात गंजरोधक तेलाची वेगळी पद्धत, एवढं लिहून पाळलं तरी त्या दोन ओळींचं चीज होतं.

चौथी पायरी: मापं खरी आहेत का

सगळी मापनयंत्रं एका टेबलावर गोळा करा. व्हर्नियर, मायक्रोमीटर, बोअर गेज, प्लग गेज, डायल. प्रत्येकाला नंबर द्या, यादी करा, आणि एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून कॅलिब्रेट करून घ्या. ड्रॉवरमध्ये 'घरचा' म्हणून ठेवलेला एखादा मायक्रोमीटर हमखास निघतो. तोही यादीत घ्या, नाहीतर कारखान्याबाहेर काढा. रिपोर्ट आला की फाइलला लावण्याआधी वाचा: चूक किती दाखवलीय, आणि तुमच्या टॉलरन्सला ती परवडते का? २५ मायक्रॉनचा (०.०२५ मिलिमीटरचा) टॉलरन्स आणि १० मायक्रॉन चुकीचं माप दाखवणारं यंत्र, यांचं जमणार नाही.

पाचवी पायरी: प्रमाणन संस्था निवडताना

इथं सगळ्यात जास्त फसवणूक होते, म्हणून सावकाश वाचा. 'चार दिवसांत सर्टिफिकेट, ऑडिट नाही' अशा जाहिराती सर्रास येतात. तो कागद मोठा ग्राहक पहिल्याच तपासणीत बाजूला ठेवतो.

संस्थेला मान्यता कुणाची आहे ते बघा. आपल्याकडे क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाच्या छत्राखाली एनएबीसीबी ही प्रमाणन संस्थांना मान्यता देते आणि तिच्या संकेतस्थळावर मान्य संस्थांची यादी असते. त्या यादीत नाव शोधा, आणि ते तुमच्या उद्योगक्षेत्रासाठी आहे का तेही बघा. परदेशी मान्यता असेल तर ती आंतरराष्ट्रीय परस्पर-मान्यता करारातल्या संस्थेची आहे का, हे विचारा.

दुसरी कसोटी दिवसांची. माणसांच्या संख्येवरून ऑडिटला किती दिवस द्यायचे, याचं आंतरराष्ट्रीय कोष्टक आहे. १६ ते २५ माणसांना ३ दिवस, २६ ते ४५ ला ४, आणि ४६ ते ६५ ला ५. हे पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याचे मिळून. काम सोपं असेल तर वजावट मिळते, पण ३० टक्क्यांच्या पुढे नाही. तुमच्याकडे ४० माणसं आणि कोटेशन एका दिवसाचं असेल, तर ते घेऊ नका.

तिसरी: तुम्हाला सल्ला देणारा आणि सर्टिफिकेट देणारा एकच नको. मान्यताप्राप्त संस्थेला ऑडिट करायच्या कंपनीला सल्ला द्यायची मनाई आहे. 'दोन्ही आमच्याकडे, पॅकेजमध्ये' म्हणणाऱ्याला नमस्कार करा.

सहावी पायरी: आधी आपणच ऑडिट करा

अंतर्गत ऑडिटला एक साधा नियम: स्वतःचं काम स्वतः तपासायचं नाही. स्टोअरवाल्यानं मशीन शॉप बघावं, मशीन शॉपच्या सुपरवायझरनं खरेदी. छोट्या कारखान्यात माणसं कमी, तरी हे जमतं. त्यानंतर मॅनेजमेंट रिव्ह्यू, म्हणजे मालकानं सगळ्यांसोबत बसून आकडे बघायचे: रिजेक्शन, तक्रारी, वेळेवर डिलिव्हरी, ऑडिटमधल्या त्रुटी, आणि कशाला किती पैसे द्यायचे याचा निर्णय. या बैठकीत मालक फोनवर बाहेर गेला की तिचा अर्थ संपतो. सही करण्यापुरती ही बैठक करणाऱ्या कारखान्यांत सर्टिफिकेट टिकतं, फायदा टिकत नाही.

ऑडिटचा दिवस आणि त्यापुढे

पहिल्या टप्प्यात ऑडिटर तयारी बघतो, दुसऱ्यात प्रत्यक्ष काम. तो मशीनवरच्या माणसाशी बोलणार. माणसांना उत्तरं पाठ करायला लावू नका. "तू जे करतोस ते सांग, माहीत नसेल तर कुठं बघतोस ते सांग," एवढंच शिकवा. मोठी त्रुटी निघाली तर ती बंद झाल्याशिवाय सर्टिफिकेट मिळत नाही. लहान त्रुटींसाठी कारण आणि उपाय लेखी द्यायचे. एकही त्रुटी निघाली नाही तर आनंदी होण्याआधी ऑडिटरनं नीट बघितलं का, असा विचार करा.

सर्टिफिकेट तीन वर्षांचं. दरवर्षी देखरेख ऑडिट, पहिलं बारा महिन्यांच्या आत. त्याला सुरुवातीच्या ऑडिटच्या साधारण एक-तृतीयांश वेळ लागतो, आणि तिसऱ्या वर्षीच्या फेर-प्रमाणनाला दोन-तृतीयांश. हा खर्च सुरुवातीच्या कोटेशनमध्येच तीन वर्षांचा मागून घ्या.

या वाटेवर असताना केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाची झेड (झिरो डिफेक्ट, झिरो इफेक्ट) योजनाही बघा. २०२२ मध्ये ती नव्या रूपात आली. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा तीन पातळ्या, शुल्क १०,०००, ४०,००० आणि ९०,००० रुपये. त्यावर सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के, लघु उद्योगाला ६० आणि मध्यमला ५० टक्के अनुदान ठरवलं गेलं. उद्यम नोंदणी (केंद्राची एमएसएमई नोंदणी) लागते. झेड वेगळं आणि ९००१ वेगळं, पण ९००१ साठी तयार केलेल्या नोंदी तिथंही चालतात, म्हणून दोन्हींचं काम एकत्र काढलं तर श्रम वाचतात. अर्ज करताना त्या वेळचे दर संकेतस्थळावर तपासून घ्या.

सर्टिफिकेट हातात आल्यावर सहा महिन्यांनी जुनी वही काढा आणि पहिल्या पायरीतला हिशेब पुन्हा मांडा, त्याच रकान्यांत: रिजेक्शन, रीवर्क, डेबिट नोट, टेम्पोच्या खेपा. शेजारी नव्यानं आलेल्या चौकशा आणि त्यातून मिळालेल्या ऑर्डरी लिहा. आमच्या शॉपमध्ये हा कागद मालकांनी स्वतःच्या हातानं लिहिला आणि मशीन शॉपच्या फळ्यावर लावला, ऑपरेटरना वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात. दुसऱ्या दिवशी तोच बुशवाला ऑपरेटर माझ्याकडे आला. त्याच्या हातात ड्रॉइंग होतं. "साहेब, ह्याची रिव्हिजन बदललीय म्हणं. गेज कुठला घेऊ?"